दुसऱ्यांदा विचारलं नाही

मला लोकांना नको ते विचारायची खोड आहे. पगार किती, घर केवढ्याला घेतलं, असलं नाही. तेवढी अक्कल देवाने दिली होती. पण 'तुम्हाला ही नोकरी कशी मिळाली?' हा प्रश्न मी अमेरिकेत आल्यापासून भेटेल त्याला विचारत आले. पोस्टमनला विचारला, लायब्ररीतल्या बाईला विचारला, दात साफ करणाऱ्या मुलीलाही विचारला, तिने माझ्या तोंडातली हत्यारं बाहेर काढल्याबरोबर. नवरा मला 'चौकशी खिडकी' म्हणायचा. खिडकी तरी दुपारी जेवायला बंद होते, असंही वर म्हणायचा.

यात माझा अगदीच दोष नव्हता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी कॅलिफोर्नियात सनीव्हेलला आले ती नागपूरची केमिस्ट्रीतली एम.एस्सी. आणि नवऱ्याच्या व्हिसावरची बायको म्हणून. त्या व्हिसावर मला काम करायला बंदी होती. हात बांधलेले आणि तोंड मोकळं, अशी ती अवस्था. घर म्हणजे दोन खोल्यांचं अपार्टमेंट, खाली भुरकट कार्पेट, खिडकीतून दिसणारा पार्किंग लॉट, आणि त्याच्या पलीकडे जर्दाळूची एक शिल्लक राहिलेली बाग, जी दरवर्षी थोडी आखूड होत चालली होती. नवरा सकाळी गाडी घेऊन गेला की मी पायी जाऊ शकेन तेवढीच अमेरिका माझी. त्या तेवढ्यात जी माणसं भेटत, त्यांची मी चौकशी करत असे.

आणि उत्तरं फार मजेदार मिळत. इथे जन्मलेल्या माणसाला विचारलं की तो सांगे, मेव्हणा तिथे होता. किंवा सॉफ्टबॉलच्या टीममधल्या एकाने सांगितलं. किंवा शाळेतल्या मित्राचे वडील. नोकऱ्या वशिल्याने मिळतात हे मला ठाऊक होतं, पण वशिला ही आपलीच खास चीज आहे असं मी धरून चालले होते. इकडे बाहेरून आलेल्यांना विचारावं तर ते सांगत, जाहिरात बघून अर्ज केला, मग दुसरा केला, मग तिसरा, मग कुणीतरी बोलावलं. मेव्हणे सगळ्यांचेच होते, पण आमचे राहिले समुद्रापलीकडे. आणखी एक गोष्ट मला चमत्कारिक वाटे. इथली माणसं नोकरी सहज सोडत. कंटाळा आला म्हणून सोडली, असं एक जण मला तोंडावर म्हणाला, आणि दोन आठवड्यांत समोरच्या रस्त्यावरच्या कंपनीत रुजूही झाला. आमच्याकडच्यांचा व्हिसा कंपनीशी बांधलेला. कंटाळा यायची परवानगी नव्हती.

हे सगळं मी रात्री जेवताना नवऱ्याला सांगत असे. तो हसे. त्याला वाटे, बायकोला उद्योग नाही, म्हणून सुचतंय.

नवरा एका चिप बनवणाऱ्या कंपनीत टेस्टिंगच्या ग्रुपमध्ये होता. बनलेली चिप नीट चालते का हे तपासायचं आणि चालत नसेल तर का नाही ते शोधायचं, हे त्यांचं काम. त्यात तो चांगला होता, असं बायको म्हणून नव्हे, तर ऐकीव माहितीवर सांगते. कुठली चिप का बिघडली हे कुणालाच कळेनासं झालं की शेवटी ती त्याच्या टेबलावर येई. घरचा फोन वाजे तोही त्यासाठीच. मग एका वर्षी त्या ग्रुपचा प्रमुख दुसरीकडे जायला निघाला. आता ही जागा नवऱ्याला मिळणार, हे सगळे धरून चालले होते. त्याला ती हवी होती. इतकी हवी होती की तो घरात तिचं नावसुद्धा काढत नव्हता. इतकी वर्षं दुसऱ्यांनी ठरवलेलं तो निस्तरत होता. एकदा तरी आपण ठरवावं, असं त्याला वाटत होतं.

एका शुक्रवारी तो लवकर घरी आला. बूट काढताना शीळ घालत होता.

"विचारलं," तो म्हणाला.

"कोणी? काय?"

"मॅनेजरने. केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाला, हा ग्रुप तू रन करशील का?"

"मग?"

"मग काय, नाही म्हटलं."

मी चहाचं आधण ठेवत होते. मी वळूनही पाहिलं नाही, कारण मला त्यात काही वावगं वाटलं नाही. हे मुद्दाम सांगते.

"म्हटलं, माझ्याहून सीनियर लोक आहेत, मी कशाला," तो पुढे म्हणाला. "लगेच हो कसं म्हणायचं? बरं दिसतं का? सोमवारी परत विचारेल ना."

"विचारणारच," मी म्हटलं, आणि शिरा करायला घेतला.

माझं सासर कऱ्हाडजवळचं. त्या घरात पंगत बसली की वाढणाऱ्या बाईचं खरं काम पाहुण्याने 'नको' म्हटल्यावर सुरू होई. पहिलं नको म्हणजे नुसता नमस्कार. दुसऱ्या नकोला पाहुणा ताटावर हात आडवा धरी, आणि वाढणारीने हाताच्या बाजूने जागा शोधायची. तिसऱ्याला खरी बोलणी होत. लग्न होऊन मी नवी नवी असताना एका पाहुण्याने जिलबीला नको म्हटलं आणि मी सरळ पुढच्या ताटाकडे गेले. सासूबाईंनी माझ्याकडे असं काही पाहिलं की हातातलं ताट खाली पडायचं बाकी होतं. तो बिचारा पाहुणा एकाच जिलबीवर उठला आणि त्या घरात पुढे कितीतरी वर्षं माझा उल्लेख 'जिलबी न वाढलेली सून' असा होत राहिला. नागपूरलाही आग्रह काही कमी नसतो, पण माझ्या माहेरी दुसऱ्या नकोवर मिटत असे. पुण्याच्या आग्रहाबद्दल मी काही बोलत नाही, माझ्या पुण्यात पुष्कळ मैत्रिणी आहेत.

तर अशा घरात वाढलेला माणूस, हवी असलेली गोष्ट समोर आल्यावर पहिल्यांदा काय म्हणणार? नको म्हणाला. त्यात नाटक नव्हतं. तो त्याचा सभ्यपणा होता.

सोमवारी नवीन शर्ट घालून गेला. संध्याकाळी आला तेव्हा मी काही विचारलं नाही, त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मंगळवारी म्हणाला, मॅनेजर मीटिंगमध्ये बिझी होता. बुधवारी म्हणाला, कॉफीच्या मशीनपाशी भेटला होता, हवेबद्दल बोलला. आठवडा संपता संपता तो कॉफीच्या मशीनपाशी जरा जास्तच वेळा जायला लागला होता, हे त्यानेच नंतर सांगितलं. पुढच्या शुक्रवारी सगळ्यांना बोलावून जाहीर केलं. ग्रुपचा नवा प्रमुख एक आयोवाचा तरुण. चांगला, हसतमुख मुलगा, आमच्या घरी येऊन पोहे खाऊन गेलेला. त्याला ते काम नवऱ्यानेच शिकवलं होतं. मॅनेजरने त्याला विचारलं तेव्हा वाक्य पुरं व्हायच्या आत तो 'मला फार आवडेल' म्हणाला होता. हे त्याने स्वतःच सगळ्यांना हसत हसत सांगितलं.

"केक आणला होता," नवरा घरी येऊन म्हणाला. एवढंच.

मला संताप आला. त्याला आला नाही, आणि त्याचा मला आणखी संताप आला. मी भांडी आपटली, फ्रिजचं दार आपटलं, आयोवा हे राज्य नकाशात शोधून त्यालाही शिव्या घातल्या. तो बातम्या बघत होता.

त्या शनिवारी मराठी मंडळींचं जेवण एका डॉक्टर काकांच्या घरी होतं. काका आमच्या पुष्कळ आधी आलेले, आता मोठं घर, दोन गाड्या, आम्हा नव्यांचे वडीलधारे. मी गप्प बसणाऱ्यातली नसल्यामुळे विषय निघालाच.

"हे असंच असतं," काका म्हणाले. "आपल्याकडून काम करून घेतात, पण वर नाही नेत. रूल आहे हा. मी रेसिडन्सी केली ती अशा गावात, जिथे इथला एकही डॉक्टर जायला तयार नव्हता. हेड ऑफ डिपार्टमेंटची जागा रिकामी झाली तेव्हा मला साधं विचारलंसुद्धा नाही, यार."

"याला विचारलं होतं," मी म्हटलं.

"फॉर्मॅलिटी!" काकांनी हात झटकला. "विचारायचं म्हणून विचारलं."

परत येताना गाडीत नवरा आधी रेडिओची बटणं फिरवत राहिला. मग म्हणाला, "काका म्हणतात ते खरं असणार. आपण नाही का, कुणी जेवायच्या वेळी दाराशी आलं की 'आता जेवूनच जा' म्हणतो. आत कुकरसुद्धा लावलेला नसतो. तसंच त्याने विचारलं असणार."

मला फार वाईट वाटलं. जागा गेली याचं वाटलं होतंच; हे निराळं होतं. ही नोकरी, हा देश, आपण तिथे असणं, सगळंच कुणीतरी दाराशी उभं राहून तोंडदेखलं म्हटलेलं आहे, असं त्याला वाटायला लागलं होतं. काम तो पूर्वीसारखंच करत होता. आयोवावाल्याला अडलं की त्याच्यासाठी रात्रीचा थांबतही होता. पण मीटिंगमध्ये आता मी बोलत नाही, असं एकदा सहज बोलून गेला.

आमच्या बिल्डिंगमध्ये खाली कपडे धुण्याची मशीनं होती. तिथे मला खालच्या मजल्यावरच्या एक आजीबाई भेटायच्या. युगोस्लाव्हियाच्या. मुलगा इथे एका वर्कशॉपमध्ये होता, त्याच्याकडे राहायला आलेल्या. त्यांचं इंग्रजी मोडकं आणि माझं शाळेतलं, त्यामुळे आमचं उत्तम जमत असे. त्यांनाही मी माझा प्रश्न विचारला होताच. त्या आणि त्यांचे यजमान तरुणपणी पश्चिम जर्मनीला गेले होते, कारखान्यात कामाला. तिकडे त्यांना 'पाहुणे कामगार' म्हणत.

हे ऐकून मी इतकी हसले की मशीनवर टेकले. "पाहुणे? आणि कामाला लावलं?"

"लावलं," आजीबाई म्हणाल्या. "नेण्याआधी डॉक्टरने तपासलं. दातसुद्धा बघितले."

"पाहुण्याचे दात?"

"पाहुण्याचे."

मग त्यांनी सांगितलं की तिकडे प्रत्येक कामाला शिकल्याचं सर्टिफिकेट लागतं. तरुण जर्मन मुलं ते सर्टिफिकेट घेऊन यायची, त्यांच्या यजमानांकडून मशीन समजून घ्यायची आणि काही वर्षांनी त्यांचीच फोरमन व्हायची. पगार तसा वाईट नव्हता, त्या म्हणाल्या. कुणी वाईट बोललंही नाही. शेजारीण ख्रिसमसला केक द्यायची.

"पण त्यांना कुणी कधी विचारलं नाही? फोरमन व्हाल का म्हणून?"

"एकदाही नाही," त्या म्हणाल्या. चादरीचं एक टोक त्यांच्या हातात होतं, एक माझ्या. "तुझ्या नवऱ्याला?"

"एकदा विचारलं."

"मग?"

"तो नाही म्हणाला."

आजीबाईंनी चादर खाली सोडली. "का?"

मी त्यांना पंगत सांगितली, ताटावर आडवा धरलेला हात सांगितला, जिलबीही सांगितली. त्या खूश झाल्या. त्यांच्या गावातही पाहुण्याचं पहिलं नाही कुणी ऐकत नसे म्हणे. मग एकदम विचारात पडल्या. "पण अमेरिकेत कसं असतं गं?" त्यांनी मला विचारलं. "इथे किती वेळा विचारतात?"

मला माहीत नव्हतं. इतक्या लोकांना इतकं विचारलं, आणि हे काही विचारलं नव्हतं.

उन्हाळ्यात कंपनीची पिकनिक झाली. मोठं पार्क, लांब टेबलं, पोरांच्या शर्यती, आणि धुरात उभा राहून मांस भाजणारा मॅनेजर. धिप्पाड माणूस, मानेवर ऊन लागून लाल झालेला, कमरेला ॲप्रन. आम्हा शाकाहारी लोकांना तिथे बटाट्याचं सॅलड आणि कलिंगड, म्हणून मी बटाटेवडे करून नेले होते. नवरा लांब मुलांच्या शर्यतीत पंच म्हणून उभा होता. मी मॅनेजरला वडे दिले. त्याने एक खाल्ला, डोळे मोठे केले, दुसरा मागून घेतला. मी तिसरा द्यायला गेले तर म्हणाला, "नको, थँक यू, पोट भरलं."

मी वाढला. विचार करून नव्हे. हात गेलाच.

त्याने ताटातल्या वड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "मी नाही म्हटलं होतं ना?" तो हसून म्हणाला.

"हो, पण ते पहिलंच होतं," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"आमच्याकडे पहिलं नाही धरत नाहीत. पहिल्यांदा लगेच हो म्हणणं म्हणजे हावरटपणा. समोरच्याला खरंच द्यायचं असेल तर तो परत विचारतो. मग हो म्हणायचं."

तो मोठ्याने हसला. बायकोला हाक मारून सांगायला वळला, आणि अर्ध्यातच थांबला. हातातलं उलथनं तसंच वर.

"एक मिनिट," तो म्हणाला. "म्हणजे मी त्याला ग्रुपबद्दल विचारलं, तेव्हा…"

मी काही बोलले नाही. माझ्या आयुष्यात असे प्रसंग थोडे.

"मला वाटलं त्याला नकोय," तो म्हणाला. त्याचा चेहरा पार उतरला होता. "मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोला म्हटलं, माझ्याकडचा सगळ्यात चांगला माणूस नाही म्हणाला. मला वाटलं घरची काही अडचण असेल. नाही म्हटल्यावर परत विचारणं म्हणजे माणसाला कोंडीत पकडणं. आमच्याकडे ते फार वाईट दिसतं."

मागे दोन बर्गर जळत होते. त्याने ते उचलून टाकून दिले, मग उभ्या उभ्या तो तिसरा वडा खाल्ला. सगळा खाल्ला.

परत येताना मी गाडी सुरू व्हायची वाट पाहिली नाही. पार्किंगमध्येच सगळं सांगितलं. नवरा स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत होता.

"असं म्हणाला? सगळ्यात चांगला माणूस?"

"हो."

"हेच शब्द?"

"हेच."

"परत सांग," तो म्हणाला.

मी परत सांगितलं, उलथन्यापासून. तो म्हणाला, "म्हणजे खरंच विचारलं होतं त्याने." आणि त्याचे डोळे भरून आले. जागा तर गेली होती, त्यात काही फरक पडणार नव्हता, पण कित्येक महिन्यांनी तो माझ्याकडे तोंड करून बोलत होता. मलाही रडू आलं. बाहेर आयोवावाला आमच्या गाडीला हात करत गेला, आम्ही दोघांनीही डोळे पुसत त्याला हात केला.

डॉक्टर काकांना मी ही गोष्ट पुढच्या जेवणात सांगितली. त्यांना ती पटली नाही. "याचा मॅनेजर चांगला निघाला म्हणून," ते म्हणाले. आणि तेही खोटं नव्हतं. काकांना कुणी एकदाही विचारलं नव्हतं, तसंच आजीबाईंच्या यजमानांना. त्यांच्या नशिबी नाही म्हणायचीसुद्धा वेळ आली नाही. आग्रहाच्या भानगडीत पडायला आधी कुणी ताट तरी मांडावं लागतं.

मग मी नवऱ्याची शिकवणी सुरू केली. चहा घेणार का, असं मी विचारायचं आणि त्याने पहिल्याच वेळी हो म्हणायचं. सुरुवातीला "नको… हो, हो!" असं व्हायचं. मग मी चहा देत नसे. सकाळी आंघोळीला जाताना, रस्त्यात सिग्नलला, कुठेही अचानक विचारायचं. भाजी हवी का? हो! ग्रुप चालवशील का? हो! त्याचे आईवडील भेटीला आले तेव्हा मुलगा पहिल्या झटक्यात पोळीला हो म्हणतोय हे बघून सासूबाईंना वाटलं, मी याला उपाशी ठेवते.

शिकवणीचा फायदा आधी मलाच झाला. आमचं ग्रीन कार्ड आलं आणि मी पाणी तपासणाऱ्या एका छोट्या लॅबमध्ये इंटरव्ह्यूला गेले. तिथल्या प्रमुख बाईने एका मशीनकडे बोट दाखवून विचारलं, "हे चालवता येईल?" त्याचा आजोबा शोभेल असं मशीन मी नागपूरला चालवलं होतं. आठ-पंधरा दिवसांत शिकेन, पूर्वी केलंय पण जुनं, प्रयत्न करते, अशी वाक्यं ओठांवर आली होती. मी म्हटलं, "हो." आणि खरंच आलं. दारूच्या कपाटाची किल्ली मिळालेल्या माणसासारखी मी त्या काचेच्या बाटल्यांमध्ये वावरत असे. विहिरींचं पाणी यायचं, नळांचं यायचं, त्यात काय काय मिसळलंय ते मी शोधायची. म्हणजे माझी खोड आता पाण्याला लागली होती. पांढरा कोट, खिशावर माझं आडनाव, आणि सकाळी मला कुठेतरी वेळेवर पोचायचं असे. इतकी वर्षं आपण किती कुढत होतो, हे मला तेव्हा कळलं. एकदा नवीन आलेल्या एका मुलीने मला विचारलं, तुम्हाला ही नोकरी कशी मिळाली? त्या दिवशी मी घरी येऊन गोडाचं केलं.

दोनेक वर्षं अशी गेली. मग कंपनीने मॅनेजरला टेक्सासला पाठवायचं ठरवलं. प्लेनोला त्यांची नवी इमारत झाली होती, तिथे सगळं पहिल्यापासून उभं करायचं होतं. एका संध्याकाळी मी कोबी चिरत होते. जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि नवरा बुटांसकट स्वयंपाकघरात आला.

"विचारलं!" तो म्हणाला. "टेस्टिंगचा अख्खा ग्रुप. तिकडे माझ्या हाताखाली."

"आणि?"

"हो म्हटलं! पहिल्याच वेळी! वाक्य पुरं व्हायच्या आत!" तो लहान मुलासारखा हसत होता. "तो पण हसायला लागला. म्हणाला, मी तीनदा विचारायची तयारी करून आलो होतो."

मी सुरी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. अगदी मनापासून. त्याला ती जागा मिळाली, त्याने ती तोंड उघडून घेतली, याचा मला किती आनंद झाला ते सांगता येणार नाही. मग टाळ्या वाजवता वाजवता माझे हात थांबले.

"तिकडे म्हणजे प्लेनोला," मी म्हटलं.

"प्लेनोला. घरं मोठी असतात म्हणे. बॅकयार्ड आणि…"

"आणि माझी लॅब?"

तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावरून हसू हळूहळू उतरताना मला दिसत होतं, आणि मला त्याची दयाही आली. पण राग जास्त आला. मला त्या चादर धरलेल्या आजीबाई आठवल्या. एकदाही नाही, त्या म्हणाल्या होत्या.

"अगं, तूच तर शिकवलंस," तो म्हणाला. "लगेच हो म्हणायचं म्हणून."

"हो. मीच शिकवलं."

तो बूट काढायला बाहेर गेला. परत आला, ओट्याला टेकून उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "येशील ना?"

"नाही," मी म्हटलं.

हे नाही कऱ्हाडचं होतं की कॅलिफोर्नियाचं, ते माझं मलाच कळत नव्हतं. मी परत कोबी चिरायला घेतला आणि कानांनी त्याच्याकडे लक्ष ठेवलं. खरं सांगायचं तर एवढ्या रागातही मला उत्सुकता होती, आता हा काय करतो. तो सिंकपाशी गेला, पेलाभर पाणी प्याला, पेला विसळून पालथा घातला. इथल्या माणसासारखं माझं नाही ऐकून घेऊन गप्प बसतो की काय, असं मला वाटायला लागलं. इतकी पक्की शिकवणी झाली असेल तर माझं मरणच.

मग त्याने खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसला आणि सुरी माझ्या हातातून काढून घेतली.

"येशील का, हे नाही विचारत," तो म्हणाला. "तुला काय हवंय?"

अख्ख्या सनीव्हेलला प्रश्न विचारलेल्या मला उत्तर सुचेना. हा प्रश्न आजवर मला कुणी विचारलाच नव्हता, ना माहेरी, ना सासरी, ना इथे. गॅसवर फोडणीचं तेल तापून धूर यायला लागला होता. त्याने हात लांब करून गॅस बंद केला आणि वाट बघत बसला.

"परत विचार," मी म्हटलं.